ट्रायम्फ बॉनव्हिलचं टायमिंग: इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्या जुन्या गाडीसाठी पहिल्यापासून

जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाडीत, पॉइंट (ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं की टायमिंगची, म्हणजे ठिणगी नेमक्या वेळी पाडण्याची, कटकट कायमची संपली, असा समज सर्रास आढळतो. अर्धी गोष्ट खरी आहे. झिजायला पॉइंटच उरत नाहीत, फटीचं माप बदलायचा प्रश्न नाही, त्यामुळे एकदा लावलेलं टायमिंग वर्षानुवर्षं टिकतं. पण ते एकदा नीट लावावंच लागतं. चुकीचं लागलं असेल तर तेही तितकंच इमानदारीनं टिकतं आणि पिस्टनची वाट लावतं.

हा लेख मेरिडनच्या जुन्या कारखान्यातल्या ट्रायम्फ बॉनव्हिलबद्दल आहे: टी१२० म्हणजे ६५० सीसी आणि १९७३ पासूनची टी१४० म्हणजे ७५० सीसी. किट धरलं आहे बॉयर-ब्रान्सडेन मार्क ३, कारण या गाड्यांवर तेच सगळ्यात जास्त दिसतं. गाडी बीएसए किंवा नॉर्टन असेल तर पद्धत हीच, आकडे वेगळे. बुलेटवाल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, पण अंशांचा आकडा आपल्या गाडीच्या आणि किटच्या कागदावरूनच घ्यायचा.

नवख्या माणसानं एकच गोष्ट पक्की धरावी, ती आधीच सांगतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं टायमिंग वरच्या आरपीएमला, पूर्ण अ‍ॅडव्हान्सवर, स्ट्रोब लाइटखाली बघायचं असतं. पूर्ण अ‍ॅडव्हान्स म्हणजे ठिणगी जास्तीत जास्त लवकर पडते ती स्थिती, आणि स्ट्रोब म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा. गाडी उभी असताना लावलेलं टायमिंग हे फक्त इंजिन सुरू होण्यापुरतं असतं.

३८ अंश म्हणजे काय

प्लगमध्ये ठिणगी पडली की पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात पेटत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. पिस्टन वरच्या टोकावरून, म्हणजे टीडीसीवरून, थोडा खाली येऊ लागला की सगळ्यात जास्त दाब मिळायला हवा. म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा) टीडीसीच्या साधारण १५ अंश पुढे असताना. म्हणून ठिणगी टीडीसीच्या आधी टाकावी लागते. टी१२० आणि टी१४० दोन्हींसाठी कारखान्यानं पूर्ण अ‍ॅडव्हान्सला ३८ अंश सांगितले आहेत. बीएसए ए६५ ला ३४, नॉर्टन कमांडोला २८.

आता हिशेब बघा. ५००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १२ मिलिसेकंदांत होतो. त्यातले ३८ अंश म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास. ज्योतीला एवढाच वेळ मिळतो. हेच ३८ अंश १००० आरपीएमला ठेवले तर ठिणगी सव्वासहा मिलिसेकंद आधी पडेल. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट त्याला खाली ढकलतोय, असं होईल. किक मारताना तर हा धक्का थेट तुमच्या घोट्यात येतो. म्हणून हळू चालताना ठिणगी उशिरा आणि वेग वाढेल तशी लवकर पडायला हवी.

पॉइंटच्या काळात हे काम स्प्रिंग लावलेली दोन वजनं करायची. किट बसवताना ती यंत्रणा निघते आणि तिचं काम सीटखालचा काळा डबा करतो. त्याच जागी, उजव्या बाजूच्या गोल झाकणाआड, एक्झॉस्ट कॅमच्या (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकावर दोन मॅग्नेटचा रोटर बसतो आणि त्याच्यासमोर दोन कॉइलची स्टेटर प्लेट. मॅग्नेट जवळून गेला की डब्याला इशारा मिळतो. इशारे किती झपाट्यानं येतायत त्यावरून डबा अ‍ॅडव्हान्स ठरवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून प्लेट एक अंश हलवली की टायमिंग दोन अंशांनी बदलतं. दुसरं, ट्रायम्फचे दोन्ही पिस्टन एकत्र वर येतात आणि दोन्ही प्लग प्रत्येक फेऱ्याला एकत्र पेटतात. एकातली ठिणगी कामाची, दुसऱ्यातली वाया जाणारी. त्यामुळे डावा-उजवा सिलिंडर वेगळा लावायचा प्रश्नच उरत नाही. पॉइंटच्या गाडीवर ज्यांनी दोन्ही बाजू जुळवता जुळवता रविवार घालवले आहेत, त्यांना या सुखाची किंमत कळेल.

हात लावण्याआधी बॅटरी

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि नंतर टायमिंगला दोष देतात. मार्क ३ सारख्या जुन्या धाटणीच्या किटला व्होल्टेज कमी पडलेलं सोसत नाही. बॅटरी उतरली की आयडलिंग वरखाली होतं, ठिणगी भलत्या वेळी पडते, किक उलटी मारते. अशा गाडीवर स्ट्रोब धरला तर खुणा नाचतात आणि माणूस प्लेट फिरवत बसतो.

मल्टिमीटर घ्या. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्टच्या वर दिसायला हवेत. मग चावी चालू करून डब्याला जाणाऱ्या वायरवर मोजा. बॅटरीचं प्लस टोक चेसिसला असलेल्या गाडीवर मार्क ३ ची पांढरी वायर सप्लायची आणि लाल अर्थची. बॅटरीवर आहे त्यापेक्षा इथं अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली, तर इग्निशन स्विच, किल स्विच, फ्यूजचा होल्डर नाहीतर अर्थिंगचा जोड गंजलेला आहे. आधी तो साफ करा. पन्नास वर्षांच्या हँडलवरचा किल स्विच हा माझ्या मते पहिला संशयित.

इथं आपल्याकडच्या मेकॅनिकसाठी खास इशारा. जुन्या मेरिडन ट्रायम्फ पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चेसिसला जोडलेलं असतं. लुकास या कंपनीच्या वायरिंगमध्ये लाल वायर म्हणजे अर्थ. भारतीय गाड्यांवर हात बसलेला माणूस लाल वायर बघून सहज ‘ही प्लस, हिला करंट’ असं धरून चालतो, आणि तेवढ्यानं डबा जळू शकतो. अगदी शेवटच्या काळातल्या टी१४० निगेटिव्ह अर्थच्या आहेत. कोणीतरी मध्येच बदलही केलेला असू शकतो. म्हणून वर्षावरून अंदाज न बांधता बॅटरीचं कुठलं टोक चेसिसला आहे ते डोळ्यांनी बघा.

बाकीची तयारी थोडक्यात: टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केलेले असावेत, प्लग साफ आणि त्यांची फट बरोबर, दोन्ही कार्ब्युरेटर एकसारखे उघडणारे, इनटेकला हवा गळत नसावी. कॉइल दोन असतील तर त्या ६ व्होल्टच्या आणि एकापुढे एक, सीरिजमध्ये जोडलेल्या असायला हव्यात. पॉइंटच्या जमान्यातल्या १२ व्होल्टच्या दोन कॉइल तशाच सीरिजमध्ये लावल्या तर ठिणगी अशक्त पडते.

हत्यारं

झेनॉनचा टायमिंग लाइट घ्या, प्लगच्या वायरवर नुसता चिमटा लावायचा असतो तो. स्वस्तातले निऑनचे दिवे दुपारच्या उजेडात दिसतच नाहीत. ज्या लाइटवर अ‍ॅडव्हान्स फिरवायची चकती असते ती शून्यावर ठेवा. प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकणाऱ्या इंजिनवर अशा चकत्या आणि त्यातले डिजिटल आरपीएमचे आकडे हमखास चुकतात. लाइटला करंट गाडीच्या बॅटरीवरून न देता वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीवरून द्या. पॉझिटिव्ह अर्थचा घोळही टळतो आणि गाडीच्या इग्निशनचे झटके लाइटमध्ये शिरत नाहीत.

पाने इंची मापाचे लागतील. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की बोल्टचे कोपरे गेलेच समजा. याशिवाय पांढरा रंग नाहीतर टिपेक्स, बारीक ब्रश, डिग्री चकती (कडेला अंश कोरलेली), मल्टिमीटर आणि एक मोठा पंखा. पंखा अजिबात टाळू नका. इंजिन हवेवर थंड होतं, आणि जागेवर उभ्या गाडीला वारा मिळत नाही.

पायरी १: खूण खरी आहे का

माझ्या लेखी सगळ्यात मोलाची पायरी हीच, म्हणून इथं वेळ घालवू. स्ट्रोबखाली खूण कितीही सुंदर जुळली तरी ती खूणच चुकीच्या जागी असेल तर सगळी मेहनत वाया.

डाव्या बाजूला प्रायमरी चेनच्या झाकणावर तीन स्क्रूंची छोटी गोल प्लेट असते, साधारण १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या गाड्यांना. ती काढली की अल्टरनेटरचा रोटर दिसतो. रोटरवर कोरलेली रेघ आणि आतला टोकदार दर्शक समोरासमोर आले की क्रँक ३८ अंशांवर आहे, असं कारखाना सांगतो. दुसरी सोय सिलिंडरच्या मागे, क्रँककेसवर आहे. तिथला बूच काढून खास प्लंजर बसवला की तो फ्लायव्हीलच्या खाचेत शिरतो. त्याच काळापासूनच्या इंजिनांत ३८ अंशांची खाच आहे. पुढे टीडीसीची आणि ३८ अंशांची अशा दोन्ही खाचा असलेली इंजिनंही आली. त्याआधीच्या इंजिनांत फक्त टीडीसीची.

दोन्ही प्लग काढा. गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये. मागचं चाक हातानं पुढच्या दिशेनं हळूहळू फिरवा आणि प्लंजरवर बोटाचा हलका दाब ठेवा. खाच आली की तो ‘टक’ करून आत जातो. कुठल्या खाचेत गेला हे ओळखायला प्लगच्या भोकातून प्लास्टिकची स्ट्रॉ सोडा. टीडीसीला पिस्टन अगदी वर असतो, ३८ अंशांवर तो सुमारे एक सेंटिमीटर खाली असतो. टी१२० मध्ये हे अंतर साडेदहा मिलिमीटरच्या आसपास आहे.

काही जण या अंतरावरूनच टायमिंग लावतात. तसं करू नका. ट्रायम्फच्या हेडमध्ये प्लगचं भोक तिरकं आहे, त्यामुळे काडीनं मोजलेलं अंतर खरं येत नाही.

प्लंजर ३८ च्या खाचेत असताना डावीकडे बघा. रोटरची रेघ दर्शकासमोर आहे का? असेल तर दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत, पुढे चला. रेघेवर पांढरा रंग भरा, दर्शकाच्या टोकालाही लावा. प्लंजर बाहेर काढा, बूच परत बसवा. प्लंजर आत राहिला आणि कोणी किक मारली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. प्लंजरच्या आधारावर नट कसायचा मोहसुद्धा टाळा, तो फक्त जागा दाखवण्यासाठी आहे.

रेघ जुळत नसेल तर तिसरा साक्षीदार आणा. प्रायमरीचं झाकण काढून क्रँकवर डिग्री चकती लावा, प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा स्टॉपर बसवा. मागचं चाक हळू पुढे फिरवा, पिस्टन टेकला की आकडा लिहा. मग उलट्या दिशेनं टेकेपर्यंत फिरवा, आकडा लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे खरी टीडीसी. अडलं की थांबायचं, जोर लावायचा नाही. तिथून ३८ अंश मागे स्वतःची खूण करा. स्टॉपर काढल्यावर त्या खुणेकडे येताना चाक नेहमी पुढच्या दिशेनंच फिरवत या, म्हणजे गिअरमधली ढिलाई मोजमापात येत नाही.

जुन्या लुकास रोटरचा एक आजार इथंच सापडतो. रोटरचा मधला लोखंडी गाभा बाहेरच्या भागातून सुटतो आणि बाहेरचा भाग त्याच्यावर घसरतो. रेघ आज इथं, उद्या तिथं. सोबत आयडलला तळातून येणारा ठक-ठक आवाज, जो ऐकून लोक क्रँकचं बेअरिंग गेलं असं समजतात. इंजिन खोलायच्या आधी रोटर हातात धरून पिळून बघा. जराही हलला तर तो बदलायचा.

पायरी २: उभ्या गाडीवर लावणं

क्रँक ३८ अंशांवर आणा. उजवीकडचं गोल झाकण काढा. स्टेटर प्लेट दोन खांबांसारख्या बोल्टवर धरलेली असते आणि तिच्या खाचांमुळे ती थोडी डावी-उजवी फिरते. नव्यानं बसवत असाल तर प्लेट खाचांच्या मधोमध ठेवा, म्हणजे नंतर दोन्हीकडे जागा राहते.

प्लेटवर दोन छोटी भोकं असतात, एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरणाऱ्या इंजिनासाठी आणि दुसरं उलट फिरणाऱ्यासाठी. उजवीकडून बघताना ट्रायम्फचा कॅम काट्यांच्या दिशेनं फिरतो, म्हणून काट्यांच्या दिशेचं भोक धरायचं. बीएसए ए६५ आणि नॉर्टन कमांडोमध्ये ते उलट फिरतं, तिथं दुसरं भोक. इथं गफलत झाली तर गाडी सुरूच होणार नाही किंवा भडाभडा बॅकफायर करेल.

रोटरचा मधला बोल्ट सैल ठेवून रोटर फिरवा आणि मॅग्नेटची पांढरी खूण भोकाच्या मधोमध आणा. बोल्ट कसा. कसताना रोटर हमखास जरासा फिरतो, म्हणून कसून झाल्यावर परत भोकातून बघा. बोल्ट फार आवळू नका. रोटर काढायची वेळ आली तर त्याच्यावर हातोडी चालवू नका, मॅग्नेटला तडे जातात. कॉम्प्रेशनचा स्ट्रोक कुठल्या सिलिंडरचा हे शोधायची गरज नाही. मॅग्नेट दोन आहेत आणि ठिणगी दर फेऱ्याला पडते.

स्टेटरच्या दोन वायर, काळी-पिवळी आणि काळी-पांढरी, डब्यातून येणाऱ्या त्याच रंगांच्या वायरना जोडायच्या. अदलाबदल चालत नाही.

आपल्याकडे बुलेटवर टायमिंग लावायची एक पिढीजात युक्ती आहे: चावी चालू करायची, इंजिन हळू फिरवायचं आणि अ‍ॅमीटरचा काटा शून्याकडे परतला की पॉइंट उघडला असं समजायचं. पॉइंटच्या गाडीवर ती उत्तम चालते. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये उघडायला पॉइंटच नसतो आणि इंजिन थांबलेलं असलं की डबा कॉइलचा करंट बंद ठेवतो. म्हणून इथं काट्याकडे बघून काहीच कळत नाही. प्लेटवरचं भोक हीच इथली खूण.

पायरी ३: सुरू करणं

प्लग बसवा, गाडी न्यूट्रलमध्ये, पेट्रोल चालू. किक पूर्ण जोरानं, पाय सैल न ठेवता मारा. बॉयरला ठिणगी टाकायला इंजिन बऱ्यापैकी वेगानं फिरावं लागतं, अर्धवट किकला ती दादच देत नाही. किक उलटी मारली तर लगेच थांबा. बॅटरी पुन्हा मोजा, भोकातली खूण पुन्हा बघा. ‘एकदा सुरू तर होऊ दे’ म्हणून किक मारत राहणं पायाला महागात पडतं.

ठिणगीच येत नसेल तर डबा खराब आहे असं लगेच ठरवू नका. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठेवा, पण त्याआधी प्लगच्या भोकांवर कापड दाबा, कारण सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ असते. स्टेटरच्या दोन्ही वायर सोडवा. चावी चालू करून डब्याकडून येणारी त्या दोन वायरांची टोकं एकमेकांना टेकवा. प्लगला ठिणगी दिसली तर डबा आणि कॉइल ठीक आहेत. दोष स्टेटरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये शोधा.

पायरी ४: स्ट्रोब

गाडी मोकळ्या जागेत काढा. बंद गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. वेळ संध्याकाळची बरी, सावलीत खूण स्पष्ट दिसते. बाह्या सारा, ओढणी-मफलर काढून ठेवा. पंखा सिलिंडरवर. जोडीला एक माणूस हवाच, कारण एकानं थ्रॉटल आणि टॅकोमीटर सांभाळायचं आणि दुसऱ्यानं लाइट धरायचा.

दोनेक मिनिटं इंजिन गरम होऊ द्या. डाव्या बाजूच्या उघड्या भोकातून वरच्या आरपीएमला तेलाचे शिंतोडे उडतात, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीनं लावा. लाइटचा चिमटा कुठल्याही एका प्लगच्या वायरवर.

आधी आयडलला बघा. खूण दर्शकापासून बरीच दूर दिसेल. घाबरू नका, ते तसंच हवं, कारण आत्ता ठिणगी उशिरा पडतेय. आता जोडीदाराला हळूहळू आरपीएम वाढवायला सांगा. खूण दर्शकाकडे सरकू लागेल. २०००, ३०००, ४०००… ती सरकतच राहील. इथं नवख्यांची गफलत होते. ३००० ला खूण जुळवून लोक समाधानानं झाकण लावतात. मग रस्त्यावर ५००० ला टायमिंग ३८ च्या पुढे गेलेलं असतं आणि कानाला काही कळायच्या आत पिस्टनचा माथा तापलेला असतो. मार्क ३ चा पूर्ण अ‍ॅडव्हान्स ५००० च्या आसपास येतो, तेव्हा बघायचं तिथंच. दुसऱ्या कंपनीचं किट असेल तर हा आकडा त्याच्या कागदावरून घ्या.

उभ्या गाडीवर ५००० आरपीएम ऐकायला भयंकर वाटतं. या इंजिनाला तो वेग नवा नाही आणि न्यूट्रलमध्ये त्याच्यावर ओझंही नाही. फक्त सेकंदांत काम उरका: वर न्या, खूण कुठं आहे ते बघा, खाली आणा. नजर एकदाच पुरेशी असते. एका खेपेला पाच-सात सेकंद, मग आयडलला किंवा बंद. एक्झॉस्ट पाइप रंग बदलू लागला तर पूर्ण थंड होऊ द्या.

रेघ दर्शकावर आली तर काम झालं. नाही आली तर इंजिन बंद करून प्लेटचे दोन्ही बोल्ट जेमतेम सैल करा. ट्रायम्फमध्ये प्लेट काट्यांच्या उलट दिशेनं फिरवली की टायमिंग अ‍ॅडव्हान्स होतं, काट्यांच्या दिशेनं फिरवली की रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा. कारण सोपं आहे: रोटर काट्यांच्या दिशेनं येतोय, प्लेट त्याच्या सामोरी गेली तर भेट लवकर होणार. प्लेट दिसेल न दिसेल इतकीच हलवा. प्लेटच्या कडेवरचा अर्धा मिलिमीटर इकडे मोठा फरक पाडतो. बोल्ट कसा, परत सुरू करा, परत बघा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. खाचा संपल्या आणि तरी जुळलं नाही, तर प्लेट मधोमध आणून पायरी २ पुन्हा करा. बहुधा रोटर कसताना फिरलेला असतो.

स्थिर आरपीएमला खूण एक अंशभर थरथरली तर चालेल. टायमिंगच्या गिअरमध्ये तेवढी ढिलाई असते. जास्त नाचत असेल तर आयडलला स्टेटरच्या वायर हलक्या हातानं हलवून बघा. कंपनानं या वायर आवरणाच्या आत तुटतात, बाहेरून धडधाकट दिसतात. इंजिनाचा आवाज बदलला की जागा सापडली. वायरला चेसिसवर घट्ट बांधून प्लेटपाशी थोडं सैल वळण ठेवलं तर हा त्रास पुन्हा होत नाही.

पायरी ५: रस्त्यावर

चढाचा रस्ता निवडा. तिसऱ्या गिअरमध्ये, मध्यम वेगावर थ्रॉटल मोठा करा आणि कान द्या. हेडमधून किणकिण, खडखड आल्यासारखा धातूचा आवाज आला तर ते नॉकिंग. लगेच थ्रॉटल सोडा. आधी पेट्रोल आणि कार्ब्युरेटरचं मिश्रण तपासा, पातळ मिश्रणही असाच आवाज काढतं. तिथं सगळं ठीक असेल तर टायमिंग दोन अंश मागे घ्या, म्हणजे ३६ वर. टी१२० चं कॉम्प्रेशन ९ ला १ आहे, त्यामुळे साध्या पेट्रोलवर ती टी१४० पेक्षा लवकर कुरकुरते. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळत असेल तर या गाडीला ते द्यावं, असं मी ठामपणे म्हणेन.

उलट बाजूची लक्षणं वेगळी: गाडी ओढत नाही, इंजिन फार तापतं, एक्झॉस्ट पाइप हेडपाशी निळे पडतात, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. तेव्हा टायमिंग रिटार्ड आहे का ते बघा. मात्र अंदाजानं प्लेट पुढे सरकवू नका, परत लाइट लावा.

समाधान झालं की प्लेट आणि तिच्या घराच्या कडेवर एक सरळ बारीक रेघ ओढा, म्हणजे पुढे प्लेट काढावी लागली तर ती त्याच जागी परत बसेल. डावीकडची प्लेट लावताना गॅस्केट नवी घाला आणि प्रायमरीचं तेल बघा, शिंतोड्यांत थोडं गेलेलं असतं. गाडीच्या वहीत तारीख, किती आरपीएमला किती अंश आणि बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेवा. ५०० किलोमीटर झाले की प्लेटचे दोन बोल्ट आणि रोटरचा मधला बोल्ट पुन्हा एकदा कसून बघा, कारण या इंजिनाचं कंपन कुठल्याही नव्या जोडाची परीक्षा पहिल्या काही फेऱ्यांतच घेतं.